कारागिराचे पुडके आणि टपालाचा दर

मध्यंतरी प्रस्तुत लेखकाची एक माजी विद्यार्थिनी घरी आली, ती हातात एक जाड वही घेऊनच. पदवीनंतर ती सावंतवाडीस सासरी गेली आणि तेथील चितारआळीतल्या दोन-तीन कुटुंबांनी घडविलेली लाकडी फळे, भातुकलीची भांडी, भोवरे, रंगविलेले पाट असा माल गेली काही वर्षे ती भ्रमणध्वनीवरून विकते. दुकान नाही, गाळा नाही, जाहिरात नाही. मालाची छायाचित्रे परिचितांना पाठवावयाची, त्यांनी ती आपल्या परिचितांना पाठवावयाची आणि मग कधी नाशिकहून, कधी इंदूरहून, कधी बंगळूरहून मागणी यावयाची, असा हा व्यवहार. वहीत तिने प्रत्येक वस्तूपुढे लाकूड, रंग, मजुरी, खोके आणि टपाल असे रकाने पाडले होते. ‘‘सर, माझा हिशेब कुठे चुकतो ते पाहा,’’ एवढेच तिचे म्हणणे होते.

हिशेब कोठेही चुकला नव्हता. एकशे ऐंशी रुपयांच्या भातुकलीच्या संचावर खोके, चिकटपट्टी, टपाल आणि त्यावरील कर मिळून शंभरावर रुपये चढत होते. ‘किंमत कळवा’ असे आवर्जून लिहिणारे ग्राहक टपालखर्च कळविताच गप्प होत. काहींनी तर ‘वस्तू फुकट देता आणि टपालाचे पैसे घेता की काय’ अशी थट्टाही केली होती. तिने मग नफ्याचा रकाना कमी करून पाहिला, तेव्हा चिताऱ्याच्या मजुरीलाच हात लावण्याची वेळ आली. तेथे ती थांबली आणि वही घेऊन माझ्याकडे आली.

एका गृहिणीच्या वहीतील ही अडचण वर्तमानपत्राच्या या पानावर आणण्याचे कारण असे की, ती तिच्या एकटीची नाही. गोधड्या शिवणाऱ्या बचत गटाच्या बायका, कोल्हापुरी वहाणा बांधणारे कारागीर, बुरूडकाम करणारी कुटुंबे, वारली चित्रे कापडावर काढणारे तरुण, घरबसल्या कानातली आणि राख्या करणाऱ्या मुली या सर्वांच्या वहीत हाच रकाना आडवा येतो. गेल्या दशकात भ्रमणध्वनीने यांतील प्रत्येकाला विनामूल्य शोकेस मिळवून दिली. ग्राहक ती पाहतो, वस्तू त्याच्या पसंतीसही उतरते. तथापि शोकेसपासून ग्राहकाच्या उंबऱ्यापर्यंतचा रस्ता मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना पूर्वीहून अधिक महाग झाला आहे. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ज्याने एकदा वस्तू घेतली, त्याला पुढच्या महिन्यात तशीच दुसरी हवी असली तर ती त्याच्यापर्यंत न्यावयाची कोणी, हा प्रश्न प्रदर्शनाच्या मांडवाबरोबर गुंडाळून ठेवण्यात येतो.

हापूसचा न्याय

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक सिद्धान्त शिकवावा लागतो. आर्मेन अल्चियन आणि विल्यम ॲलन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात तो मांडला. एकाच जातीच्या दोन वस्तू, एक उंची व एक साधी, दूरच्या बाजारपेठेत पाठवावयाच्या असतील आणि दोहोंवर सारखाच वाहतूकखर्च पडत असेल, तर दूरच्या ग्राहकाच्या दृष्टीने उंची वस्तू तुलनेने स्वस्त होते. म्हणून उंची माल बाहेर जातो आणि साधा माल गावातच उरतो. कोकणच्या माणसाला यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. उत्तम हापूस पेटीत बसून मुंबईस आणि तेथून आखाती देशांत जातो व बागायतदाराच्या स्वतःच्या ताटात डागी आंबा येतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे.

हाच न्याय वहीला लावून पाहू. समजा, भातुकलीचा संच १८० रुपयांचा आणि नक्षीचा पाट १,८०० रुपयांचा. दोहोंवर सोयीसाठी शंभर रुपये टपाल धरू. सावंतवाडीत पाट संचाच्या दहापट महाग आहे. इंदूरच्या ग्राहकाला मात्र संच २८० रुपयांना आणि पाट १,९०० रुपयांना पडतो, म्हणजे पाट सुमारे पावणेसातपटच महाग ठरतो. संचाची किंमत टपालाने निम्म्याहून अधिक वाढविली, पाटाची साडेपाच टक्के. याचा अर्थ सरकारने न लादलेला असा हा एक करच आहे आणि तो गरिबाच्या मालावर अधिक व श्रीमंताच्या मालावर कमी बसतो.

यावर कोणी म्हणेल, मग पाटच विकावेत! पण चितारकामाची शाळा पाटावर सुरू होत नाही. शिकाऊ हात प्रथम भातुकलीच्या पोळपाटावर, भोवऱ्यावर, आवळ्या-पेरूवर फिरतो. घरातील स्त्रिया व वृद्ध जो हातभार लावतात तो याच बारीक कामावर. पाटाच्या मागण्या महिन्याला दोन येतील, भातुकलीच्या वीस येऊ शकतील. स्वस्त वस्तूची बाजारपेठ बुडाली की त्या कलेचा पायाच खचतो. वर उरतात ते संग्राहकांसाठी काम करणारे मोजके वयोवृद्ध कलावंत. सावंतवाडीच्या गंजिफांचे जे झाले ते यापेक्षा फारसे निराळे नाही.

छत्तिसाव्या हिश्शाची गोष्ट

टपालाचा दर कसा ठरवावा, हा प्रश्न जगात प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने सोडविला तो इंग्लंडच्या रोलंड हिल यांनी. १८३७ साली त्यांनी टपालसुधारणेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तोवर पत्राचा दर अंतरावर ठरे. हिल यांनी हिशेब करून दाखविले की, लंडनहून एडिंबरोस एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा हिस्सा आहे. खर्च येतो तो पत्र स्वीकारणे, त्याची वर्गवारी करणे, नोंद ठेवणे आणि ते घरोघर वाटणे यांवर. मग अंतराप्रमाणे दर कशासाठी? या एका प्रश्नातून १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे पत्र निघाले आणि १८५४ साली हिंदुस्थानातही अंतर न पाहता, ठरावीक वजनाच्या पत्रास अर्धा आणा, असा दर आला. पेशावरचे पत्र व पुण्याचे पत्र एकाच दरात जाऊ लागले.

पुडक्यांचे भाग्य पत्रांइतके थोर नव्हते. पार्सले त्या काळी ‘बंगी’तून जात. बंगी म्हणजे कावड. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला अंतराचे मोल द्यावे लागणारच, आणि बंगीचा दर तसाच होता. पुढे रेल्वे आली, बंगी गेली आणि टपालखात्याच्या साध्या रजिस्टर पार्सलासही वजनावर चढणारा, पण अंतरावर न चढणारा दर मिळाला. गेल्या पिढीपर्यंत तोच चालत होता. स्पीड पोस्टने मात्र अंतराचे टप्पे पुन्हा आणले. ज्याला घाई आहे त्याने घाईचे मोल द्यावे, हे न्याय्यच होय. पण भातुकलीला घाई नसते. ती आठ दिवसांनी पोहोचली तरी चालते. स्वस्तात आणि न हरवता पोहोचली म्हणजे झाले. नेमकी हीच सेवा, म्हणजे सावकाश, स्वस्त आणि नोंद असलेली, आज दुर्मीळ होत चालली आहे.

येथे हिल यांच्या युक्तिवादाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण टपालखात्यातील माणसे ती लगेच दाखवितात. पत्र पोस्टमनच्या थैलीत मावते, पुडके मावत नाही. पार्सले वाढली तर वाटपासाठी वेगळे वाहन लागते, वर्गवारीसाठी जागा लागते. म्हणून ‘टपालगाडी नाही तरी जातेच आहे, तीत एक पुडके टाकल्याने काय बिघडते’ हा आमच्यापैकी पुष्कळांचा आवडता युक्तिवाद शंभर टक्के खरा नाही. पण तो खोटाही नाही. पत्रे आटली आहेत. देशात सुमारे एक लाख चौसष्ट हजार टपालकचेऱ्या आहेत आणि त्यांतील दहापैकी नऊ ग्रामीण भागात आहेत. इमारत आहे, माणूस आहे, रोजची ने-आण आहे. हा स्थिर खर्च होणारच आहे. अशा वेळी जास्तीच्या पुडक्यावर पडणारा वाढीव खर्च हा सरासरी खर्चापेक्षा बराच कमी असतो, आणि रिकाम्या क्षमतेची किंमत वाढीव खर्चाच्या जवळपास लावावी, हे आमच्या शास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकविले जाते.

व्ही.पी.चे दिवस

मराठी वाचकाला हे सर्व नवे वाटण्याचे कारण नाही. घरबसल्या माल मागविणे ही संगणकयुगाची देणगी आहे, अशी आजच्या तरुणांची समजूत दिसते. आपल्याकडे मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही.पी.ची, पद्धत १८७७ साली सुरू झाली. वस्तू पोस्टमनने आणावयाची, पैसे त्याच्या हाती मोजावयाचे आणि ते टपालानेच विक्रेत्याकडे जावयाचे, अशी ही व्यवस्था. आज ज्याला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात ती याहून वेगळी नाही. पुस्तके, मासिके, पंचांगे, आयुर्वेदिक औषधे, बी-बियाणे, शिवणाचे बेत अशा नाना वस्तू ‘व्ही.पी.ने मागवा’ या तीन शब्दांच्या आधारे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या. व्ही.पी. सोडवून घेणे हा वाक्प्रचारच झाला आणि व्ही.पी. परत येणे हे प्रकाशकांचे कायमचे दुखणे. लेखकाच्या लहानपणी घरी आलेली पार्सले मांजरपाटात शिवलेली असत, शिवणीवर लाखेचे ठिपके असत आणि ती उसविण्यासाठी आजीची कात्री शोधावी लागे.

पुढची पायरीही एका मराठी माणसाने घातली. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी संस्कृतचे व्यासंगी आणि टपालखात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. आज कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या खासगी विक्रीपेढ्या ग्राहकाकडून पहिली गोष्ट विचारतात ती पिनकोड. म्हणजे सार्वजनिक खर्चाने उभारलेल्या पत्त्यांच्या व्यवस्थेवर खासगी वाटपाचा डोलारा उभा आहे. त्याबद्दल तक्रार नाही. सार्वजनिक वस्तू सर्वांसाठीच असते. एवढेच की, चितारआळीच्या ४१६५१० या पिनकोडाचा उपयोग चिताऱ्यालाही झाला पाहिजे.

मिटत गेलेली दारे

गेल्या काही वर्षांतील निर्णय एकेकटे पाहिले तर प्रत्येकाला काही ना काही समर्थन आहे. एकत्र पाहिले म्हणजे चित्र निराळे दिसते. १८ जुलै २०२२ पर्यंत वस्तू व सेवा कर हा टपालाच्या स्पीड पोस्टसारख्या मोजक्याच सेवांवर होता. त्या दिवसापासून पोस्टकार्ड, आंतर्देशीय पत्र, बुकपोस्ट आणि दहा ग्रॅमच्या आतील साधे पाकीट एवढेच करमुक्त राहिले आणि बाकी सर्वांवर अठरा टक्के कर आला. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा कर पुढे वळता करून घेता येतो. ज्याची उलाढालच नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्या कारागिराला तो वळता करता येत नाही. तो त्याच्या किंवा ग्राहकाच्या खिशातूनच जातो. मोठ्याला जो कर नुसता स्पर्श करून जातो तो लहानाला लागतो, ही विसंगती क्वचितच कोणी बोलून दाखविते.

२०२५ साली रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा संपुष्टात येऊन ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टच्या पत्रांचे सुधारित दर लागू झाले. त्याआधीचे दर २०१२ सालचे होते, तेव्हा वाढ होणे अपरिहार्य होते, हे मान्य. पण आकडे पाहा. जुन्या पद्धतीत ५० ग्रॅमच्या रजिस्टर पाकिटाला तिकिटाचे १५ आणि नोंदणीचे १७ असे ३२ रुपये, म्हणजे करासह ३७ रुपये ७६ पैसे पडत. नव्या पद्धतीत त्याच वजनाच्या परगावच्या स्पीड पोस्टला ४७ रुपये, म्हणजे करासह ५५ रुपये ४६ पैसे. कोर्टाची नोटीस पाठविणाऱ्या वकिलाला हा फरक जाणवणारही नाही. पातळ पुठ्ठ्यावर राखी किंवा कानातली टाचून ती पाकिटातून पाठविणाऱ्या मुलीला तो जाणवतो, कारण तिची वस्तूच साठ-सत्तर रुपयांची असते. वेग वाढला, मागोवा घेण्याची सोय अधिक चांगली झाली, हे खरे. पण तिने वेग मागितला नव्हता.

खासगी कुरियरकडे वळावे तर तेथे दुसरा फास आहे. आकारमानावरून वजन काढण्याची त्यांची रीत अशी की, लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणावयाची, गुणाकारास पाच हजारांनी भागावयाचे आणि येणारा आकडा किलोग्रॅममधील वजन समजावयाचा. वाहनातील जागा अडते म्हणून ही रीत आहे आणि तीत लबाडी नाही. परंतु ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात बसविलेली बांबूची परडी चारशे ग्रॅमची असली तरी बिल तीन किलोचे होते. हस्तकलेच्या वस्तू बहुधा हलक्या, पोकळ आणि नाजूक असतात. परडी, आकाशकंदील, बाहुली, लाकडी पाळणा. नाजूक म्हणून खोके मोठे घ्यावे लागते आणि खोके मोठे म्हणून दर चढतो. मोठ्या विक्रेत्यांना रोजच्या शेकडो पुडक्यांच्या बळावर सवलतीचा करार मिळतो. महिन्याला वीस पुडकी पाठविणाऱ्याला छापील दर, आणि ग्राहकाने माल नाकारला तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे त्याच्याच माथी. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळालेली सवलत अशी की, करनोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला मोठ्या संगणकीय बाजारपेठांवरून माल विकता येतो, पण आपल्या राज्याच्या हद्दीतच. सावंतवाडीहून गोव्याची सरहद्द हाकेच्या अंतरावर, पण त्या वाटेने जाता येत नाही. नागपूरला मात्र जाता येते!

ज्ञान पोस्टाचा दाखला

मार्ग नाही असे नाही. टपालखात्याने स्वतःच तो दाखविला आहे, आणि तोही एक चूक सुधारताना. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांसाठी असलेली नोंदणीकृत बुकपोस्टाची स्वस्त सेवा एकाएकी बंद झाली. लहान प्रकाशकांनी व वाचनप्रेमींनी देशभर ओरड केली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा दर आहे. अंतर कितीही असो. पुस्तके भूमार्गाने, सावकाश जातात आणि त्यांचा मागोवा घेता येतो. म्हणजे सावकाश, स्वस्त व नोंद असलेली सेवा देणे टपालखात्याला जमत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. जे पुस्तकाला दिले ते परडीला का देऊ नये, एवढाच प्रश्न उरतो.

पुस्तकाला सवलत का, तर ज्ञानप्रसार हे सार्वजनिक हित आहे. मग हस्तव्यवसायाचे रक्षण हे सार्वजनिक हित आहे की नाही? सरकारच्या लेखी ते आहे, याला पुरावा त्याच्याच योजनांचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय येतात. त्यांत खेळणी व बाहुल्या करणारे आहेत, टोपल्या-चटया विणणारे आहेत, चर्मकार आहेत. त्यांना ओळखपत्र मिळते, प्रशिक्षण मिळते, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य मिळते, पहिल्या टप्प्यात एक लाखाचे आणि पुढे दोन लाखांचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. कोल्हापुरी वहाणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या पेढीने तशाच घाटाच्या वहाणा फॅशनच्या मंचावर आणल्या, तेव्हा त्यावर केवढा गहजब झाला हे वाचकांना आठवत असेल. कर्ज, अवजार, मानांकन, अभिमान सर्व काही दिले. तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाकडे न्यावयाची म्हटली की मात्र त्याने छापील दराने भाडे भरावे!

ज्ञान पोस्टाच्या धर्तीवर कारागिरांसाठी वेगळी वर्गवारी काढली तर पहिला आक्षेप असा येईल की, हस्तनिर्मित वस्तू कोणती हे काउंटरवरील कारकुनाने कसे ओळखावे? आक्षेप रास्त आहे. पुस्तक उघडून पाहता येते. यंत्रावर कातलेला भोवरा आणि हातावर कातलेला भोवरा यांतला फरक जाणकारालाच कळतो. वस्तूची व्याख्या करावयास बसलो तर त्यातून एक नवे निरीक्षक खाते तेवढे निर्माण होईल. म्हणून सवलत वस्तूला न देता पाठविणाऱ्याला द्यावी. विश्वकर्मा योजनेचे ओळखपत्र आहे, हस्तकला आयुक्तालयाचे ‘पहचान’ पत्र आहे, नोंदणीकृत बचत गट आहेत. ज्याच्याजवळ यांपैकी एखादे पत्र आहे त्याला महिन्याला ठरावीक संख्येपर्यंत, समजा साठ, पुडकी सवलतीच्या दराने पाठविता यावीत. संख्येला मर्यादा असली की मोठ्या व्यापाऱ्याने कारागिराचे कार्ड भाड्याने घेण्यात फारसा अर्थ राहत नाही. थोडी गळती तरीही होईल. रेशनमध्ये होते, खतात होते, येथेही होईल. तिला भिऊन सर्वांनाच नाकारणे हा उपाय नव्हे. सुधारित दरांबरोबर विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टमध्ये दहा टक्के आणि नव्या मोठ्या ग्राहकांना पाच टक्के सूट देण्यात आलीच आहे. पाठविणारा कोण हे पाहून दर ठरविण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. गंमत एवढीच की, लहान ग्राहक कोण हे अजून कोणी पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप तुटीचा. टपालखाते दरवर्षी हजारो कोटींची तूट सोसते, त्यात आणखी भर कशाला? येथे लेखकाचे मत आपल्या काही स्नेह्यांहून निराळे आहे. सवलतीचा बोजा टपालखात्याच्या माथी गुपचूप मारू नये. पूर्वी पत्रांचा मक्ता सरकारकडे होता आणि शहरी पत्रांच्या नफ्यातून खेड्यातील वाटपाचा खर्च निघे. १८९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. त्यात तो मक्ताच उरलेला नाही. एकाच्या दरातून दुसऱ्याची भरपाई करण्याचा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला. तेव्हा कारागिरांच्या पुडक्यांवरील फरकाची रक्कम विश्वकर्मा योजनेच्या किंवा वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावी व ती टपालखात्याला अदा करावी. मग तिचा लेखाजोखा संसदेत मागता येईल आणि एका पुडक्यामागे सरकारने किती मोजले व कारागिराने किती कमावले, हे आमच्यासारख्यांना तपासताही येईल. नव्या कायद्याने दर ठरविण्याचे अधिकार टपाल महासंचालकांकडे सोपविले आहेत; म्हणजे नवी वर्गवारी काढण्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही.

आकाराचा प्रश्नही यातच सोडविता येईल. जपानच्या टपालखात्याने २०१४ पासून ‘क्लिक पोस्ट’ नावाची सेवा चालविली आहे. ३४ बाय २५ बाय ३ सेंटिमीटरच्या मापात बसणारे, एक किलोपर्यंतचे पुडके देशभर एकाच दरात जाते, त्याचा मागोवा घेता येतो आणि ते घराच्या टपालपेटीत टाकले जाते. पोस्टमनला दार ठोठवावे लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडते. आपल्याकडे टपालपेट्या तशा नाहीत, तेव्हा नक्कल करून भागणार नाही. पण त्यातील युक्ती घेण्याजोगी आहे: दोन-तीन ठरावीक मापांची खोकी टपालकचेरीतच विकावयाची आणि खोक्यात जे मावेल त्याला एकच दर. कारकुनाला फूटपट्टी धरावयास नको, कारागिराला किंमत सांगताना अंदाज करावयास नको. ‘पोहोच दोनशे चाळीस रुपये’ असे तो छायाचित्राखालीच लिहू शकेल. बाजारात किंमत आधी ठाऊक असण्याचे मोल काय, हे जिने वीस ग्राहक गमावले तिला विचारावे.

सहकाराच्या या राज्यात आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे आणि तीस दिल्लीची परवानगी लागत नाही. दूध संघ गावोगावचे लिटर-दोन लिटर दूध गोळा करून टँकर भरतो. एकेका गवळ्याने मुंबईस कॅन पाठविला असता तर तो कधीच बुडाला असता. तालुक्यातील बचत गटांची पुडकी एका जागी गोळा करून एकाच करारावर पाठविली, तर मोठ्या ग्राहकाचा दर त्यांनाही मिळेल. ‘उमेद’ अभियानाचे तालुका पातळीवरील कार्यालय यासाठी पुरेसे आहे. अर्थात कोणी तरी रोज खोकी मोजून घेतली पाहिजेत, चुकलेल्या पुडक्याचा पाठपुरावा केला पाहिजे. प्रशिक्षण शिबिराच्या उद्घाटनापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते होत नाही.

परदेशी जाणाऱ्या मालाविषयी थोडक्यातच लिहितो. २०२२ च्या अखेरीपासून देशात डाकघर निर्यात केंद्रे निघाली. त्यांची संख्या हजारावर गेली आहे आणि निर्यातीचे कागद टपालकचेरीतच संगणकावर भरता येतात. उपक्रम चांगला. पण त्याचे भवितव्य परक्याच्या हाती किती असते, ते २०२५ च्या उन्हाळ्यानंतर दिसले. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून रद्द केली, आपल्या टपालखात्याला २५ ऑगस्टपासून तिकडील बहुतेक नोंदणी थांबवावी लागली आणि ती पूर्ववत सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, त्या वेळच्या पन्नास टक्के आयातशुल्कासह. दिवाळी-नाताळच्या मागण्यांचा ऐन हंगाम त्यात गेला. परदेशी ग्राहकाच्या भरवशावर लहान कारागिराला उभे करणे हे पावसाच्या भरवशावरील शेतीसारखेच आहे. इंदूर, हैदराबाद, बडोदे आणि बेळगाव येथील मराठी-अमराठी गिऱ्हाईक त्याला स्वस्तात गाठता आले, तर त्याची विहीर बारमाही होईल.

सारा देश एकदम नको. सिंधुदुर्ग व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांत वर्षभर ही सवलत देऊन पाहावी: एकीकडे लाकडी खेळणी, दुसरीकडे वहाणा. आधी किती पुडकी जात होती, नंतर किती गेली, किती परत आली, वाटपाचा जास्तीचा खर्च किती पडला, हे आकडे प्रसिद्ध करावेत. पुडकी दुप्पट झाली नाहीत तर सवलत मागे घ्यावी. आम्ही तक्रार करणार नाही.

माझ्या विद्यार्थिनीने तूर्त आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. राज्यातील मागण्या ती एस.टी.च्या पार्सलाने पाठविते. खर्च निम्म्यावर येतो. मात्र ग्राहकाला स्वतः आगारात जाऊन पुडके सोडवून आणावे लागते, आणि इंदूरला आपली एस.टी. पार्सल घेऊन जात नाही, म्हणून तिकडील मागण्यांना तिने सध्या ‘माल शिल्लक नाही’ असे कळविले आहे. माल शिल्लक आहे. तिने वहीबरोबर आणलेला भातुकलीचा एक संच लेखकाच्या टेबलावर आहे. त्यातील पोळपाट अडीच इंचांचा आहे.